निरोप आणि शिदोरी

सन २०२० च्या ऑक्टोबर महिन्याची १२ तारीख होती. सकाळचे दहा वाजून गेले होते. त्या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालयांची दारे बंद होती. वर्ग भरत ते घराघरांतील संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर. कोठे शिक्षक गणित समजावून देत, कोठे परीक्षा चालत. अशा वेळी मुंबईकडे वीज वाहून आणणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि पाहता पाहता मुंबई व तिच्या आसपासच्या मोठ्या भागातील वीज गेली. पंखे थांबले. लोकल गाड्या रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

वीज गेली म्हणजे दिवे जाणार, पंखे थांबणार, हे कोणालाही समजते. परंतु अशा प्रसंगी आणखी एक गोष्ट घडते व ती पुष्कळांना कोड्यात टाकते. मांडीवरच्या संगणकात स्वतःची बॅटरी असते. मोबाइलमध्येही असते. दोन्ही यंत्रे उत्तम चालत असतात, पडदा उजळलेला असतो. पण त्यावरील शिक्षकांचे चित्र मात्र गोठून जाते व आवाज बंद पडतो. असे का व्हावे? शोध घेतला तर दिसते की, घराच्या कोपऱ्यात भिंतीवर टांगलेली एक लहानशी पेटी मुकी झालेली आहे. तिच्यावरचे हिरवे ठिपके विझलेले आहेत. ही पेटी म्हणजे राउटर. बाहेरून आलेला निरोप घरातील यंत्रांना पोचवणे आणि त्यांचा निरोप बाहेर नेणे, हे तिचे काम. तिला बॅटरी नसते. ती भिंतीतल्या विजेवर जगते. ती झोपली की घरातील सर्व जागी यंत्रे बहिरी होतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. दूरचा निरोप घेणाऱ्या कोणत्याही यंत्राला दोन वस्तू लागतात. एक निरोप, दुसरी शिदोरी. निरोप म्हणजे माहिती. शिदोरी म्हणजे यंत्र चालवण्यासाठी लागणारी वीज. निरोप दाराशी आला, पण शिदोरी संपली, तर तो ऐकणारा उपाशी निजलेला असतो. मग हा प्रश्न सहज सुचतो: ज्या तारेतून निरोप येतो, त्याच तारेतून शिदोरीही पाठवता येणार नाही काय?

ही कल्पना नवी नाही. ज्या घरी तांब्याच्या तारेचा जुना दूरध्वनी असे, त्या घरातील वडीलधाऱ्यांना एक अनुभव हमखास असे. वादळी रात्री घरातील दिवे जात, सगळीकडे काळोख पसरे. तरीही दूरध्वनीची घंटा वाजे आणि पलीकडचा आवाज स्वच्छ ऐकू येई. डॉक्टरांना बोलावणे असो की परगावच्या आप्ताची खुशाली विचारणे असो, दूरध्वनी कामास येई. त्या यंत्रास घरातील विजेची गरजच नव्हती. ते आपली शिदोरी दूरध्वनी केंद्रातून, बोलण्याच्याच दोन तारांतून घेत असे.

आरंभी मात्र तशी सोय नव्हती. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यास सन १८७६ मध्ये दूरध्वनीचे पेटंट मिळाले आणि सन १८८२ मध्ये मुंबईतही दूरध्वनी केंद्र सुरू झाले. त्या पहिल्या काळातील यंत्राजवळ रासायनिक विद्युतघट ठेवावे लागत. ते संपले की बदलावे लागत. ज्याच्या घरी घट संपले, त्याचा दूरध्वनी मुका. पुढे अभियंत्यांनी विचार केला की, शेकडो घरी शेकडो घट सांभाळण्यापेक्षा सर्वांसाठी एकाच ठिकाणी, केंद्रात, मोठी बॅटरी ठेवावी आणि तिची वीज बोलण्याच्या तारेतूनच प्रत्येक घरी पाठवावी. शिसे व आम्ल यांच्या एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. असे २४ घट एकापुढे एक जोडले म्हणजे ४८ व्होल्ट होतात. हाच ४८ व्होल्टचा दाब पुढे जगभरातील दूरध्वनी केंद्रांत रूढ झाला. शहरातील वीज गेली तरी केंद्रातील बॅटरी जागी असे, आणि तिच्या आधारावर घरोघरचे दूरध्वनीही जागे राहत.

मग ही सोय गेली कोठे? ती तांब्याबरोबर गेली. आज पुष्कळ घरांत निरोप येतो तो काचेच्या केसासारख्या बारीक तंतूमधून. त्यास फायबर असे म्हणतात. या तंतूमधून प्रकाशाचे किरण धावतात आणि तांब्याच्या तारेपेक्षा कितीतरी अधिक माहिती ते कितीतरी लांबवर वाहून नेतात. परंतु काच विजेची वाहक नव्हे. ती निरोप आणते, शिदोरी आणत नाही. त्यामुळे काचेच्या तंतूच्या टोकाशी असलेल्या प्रत्येक पेटीला घरातील विजेवर अवलंबून राहावे लागते. निरोपाचा मार्ग रुंद झाला, पण काळोख्या रात्री जागे राहण्याचा जुना गुण हरपला.

हा हरपलेला गुण निदान घराच्या भिंतींच्या आत तरी परत मिळवता येतो. तो कसा, हे समजण्यासाठी घरातील यंत्रे ज्या तारेने एकमेकांस जोडतात, त्या तारेची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. या तारेला व तिच्यावरील संभाषणाच्या पद्धतीला ईथरनेट असे नाव आहे.

सन १९७३ मध्ये अमेरिकेतील पालो आल्टो या गावी झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज हे दोन अभियंते एका इमारतीतील अनेक संगणक एकमेकांशी जोडण्याच्या खटपटीत होते. प्रकाश ज्यातून प्रवास करतो अशा ‘ईथर’ नावाच्या सर्वव्यापी पदार्थाची कल्पना पूर्वीचे शास्त्रज्ञ करीत. तो पदार्थ अस्तित्वात नाही, हे पुढे सिद्ध झाले. तथापि सर्वांना जोडणारे माध्यम या अर्थाने मेटकाफने ते जुने नाव आपल्या योजनेस दिले. आरंभी ही योजना एका जाड केबलवर चाले. सन १९९० मध्ये ती दूरध्वनीच्या तारांसारख्या साध्या, पिळलेल्या तारांवर चालावी असा नियम ठरला, आणि तेव्हापासून ती कार्यालयांत व घरांत झपाट्याने पसरली.

ही केबल सोलून पाहिली तर आत आठ बारीक तारा दिसतात. प्रत्येक तार तांब्याची, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची, आणि रंगीत वेष्टनात गुंडाळलेली. निळा, नारिंगी, हिरवा आणि तपकिरी असे चार रंग. आणि प्रत्येक रंगाच्या तारेला तिचीच पांढऱ्या अंगाची एक जोडीदारीण. अशा या चार जोड्या. प्रत्येक जोडीतील दोन तारा वेणीसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नाही. बेलने तारांना असा पीळ देण्याची युक्ती सन १८८१ मध्येच पेटंट करून ठेवली होती. त्या पिळातच पुढील साऱ्या गोष्टीचे मर्म आहे.

तारेच्या आसपास विजेच्या इतर तारा, पंख्याची यंत्रे, नळीचे दिवे असतात. त्यांच्यामुळे केबलमध्ये नको असलेला गोंगाट शिरतो. दोन तारा शेजारी शेजारी सरळ ठेवल्या, तर गोंगाटाजवळची तार तो अधिक घेईल व लांबची कमी. पण त्या पिळल्या म्हणजे दोघी आळीपाळीने जवळ येतात व लांब जातात. गोंगाट दोघींवर सारखाच पडतो. आता ईथरनेटची भाषा अशी आहे की, निरोप देताना एका तारेवरचा दाब किंचित वाढवायचा आणि त्याच क्षणी दुसरीवरचा तितकाच उतरवायचा. पलीकडचे यंत्र एकेका तारेकडे पाहतच नाही. ते पाहते फक्त दोघींमधील फरक. फरक हाच निरोप. दोघींवर जे सारखे असेल, त्याकडे ते साफ दुर्लक्ष करते. गोंगाट दोघींवर सारखा असतो. म्हणून तो ऐकूच येत नाही.

वाण्याच्या दुकानातील तराजू याचे चांगले उदाहरण आहे. एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात साखर. तराजू सांगतो तो दोन पारड्यांतील फरक. तोच तराजू दुकानाच्या ओट्यावर धरला काय किंवा माडीवर नेऊन धरला काय, काटा तेच सांगणार. दोन्ही पारडी सारखीच वर गेली. त्यांच्यातील फरक बदलला नाही. ईथरनेटच्या तारांच्या जोडीचेही तसेच आहे.

आणि येथेच शिदोरीला वाट सापडली. अभियंत्यांनी विचार केला: दोन्ही तारांवर सारखे असलेले यंत्राला दिसत नाही ना? मग विजेचा दाबही दोन्ही तारांवर सारखाच चढवावा! तारांची एक जोडी सगळीच्या सगळी ४८ व्होल्टांनी वर उचलावी आणि दुसरी जोडी परतीची वाट म्हणून ठेवावी. पहिल्या जोडीतून वीज जाईल, दुसरीतून परत येईल. प्रत्येक जोडीतील दोन तारांमधला फरक जसाच्या तसा राहील. म्हणून निरोपाला धक्का लागणार नाही. तराजू माडीवर गेला, काटा मात्र स्थिर राहिला.

या कामी केबलच्या दोन्ही टोकांशी असलेली लहानशी रोहित्रे साहाय्य करतात. रोहित्र म्हणजे तारेच्या वेटोळ्यांची जोडी. तिच्यातून निरोपाचे चढउतार एका वेटोळ्यातून दुसऱ्यात जातात. शिदोरीची वीज वेटोळ्याच्या बरोबर मध्यावर सोडली जाते. मध्यावरून ती निम्मी एका बाजूस व निम्मी दुसऱ्या बाजूस जाते. दोन्ही प्रवाह सारखे पण परस्परविरुद्ध दिशांचे असल्यामुळे त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना रद्द करतात. निरोप रोहित्रातून पलीकडे जातो. शिदोरी मध्यावरून अलगद वेगळी काढून घेतली जाते. एकाच वाटेने आलेले दोन पाहुणे दाराशी वेगळे होऊन आपापल्या खोलीत जातात, तसाच हा प्रकार होय. या पद्धतीस ‘पॉवर ओव्हर ईथरनेट’ किंवा थोडक्यात ‘पीओई’ असे म्हणतात.

आता येथे चौकस विद्यार्थी विचारील की, राउटर आणि कॅमेरे यांतील बरीच उपकरणे १२ व्होल्टवर चालतात. मग तारेतून ४८ व्होल्ट का पाठवायचे? याचे उत्तर थोड्याशा गणिताने मिळते. समजा, एका उपकरणाला १२ वॅट शक्ती हवी आहे. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. दाब १२ व्होल्ट असेल, तर प्रवाह १ अँपिअर लागेल. चांगल्या केबलच्या १०० मीटर लांबीत जाण्यायेण्याचा मिळून विजेला होणारा रोध १२.५ ओहम धरतात. रोध आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे वाटेत खर्च होणारा दाब. १२.५ गुणिले १ म्हणजे १२.५ व्होल्ट. मुळात पाठवले १२, आणि वाटखर्च १२.५! उपकरणाच्या हाती काहीच उरत नाही.

तीच शक्ती ४८ व्होल्टने पाठवली, तर प्रवाह पाव अँपिअर पुरतो. मग वाटखर्च केवळ ३ व्होल्टांच्या जरासा वर होतो आणि सुमारे ४५ व्होल्ट पलीकडे सुखरूप पोचतात. दाब चौपट केला की प्रवाह चतुर्थांश होतो आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती तर सोळाव्या हिश्शावर येते. दूरच्या वीजकेंद्रातून शहरात वीज आणताना दाब लक्षावधी व्होल्ट का ठेवतात, याचेही कारण हेच आहे.

तर मग दाब आणखी का वाढवू नये? भिंतीतल्या विजेसारखा २३० व्होल्ट का ठेवू नये? कारण ही तार घरातील मुलाबाळांच्या हाताशी असते. तिचे वेष्टन पातळ, तिची टोके उघडी. कोरड्या जागी ६० व्होल्टच्या आतील एकाच दिशेने वाहणारी वीज सामान्यतः धोक्याची मानत नाहीत. म्हणून या पद्धतीत दाब ५७ व्होल्टांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा दंडक आहे. दूरध्वनीच्या जुन्या अभियंत्यांनी निवडलेला ४८ हा आकडा याही कामास योग्य ठरला. तो पुरेसा मोठा आहे आणि पुरेसा लहानही आहे.

परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. सर्वांत अवघड प्रश्न पुढेच आहे. केबलच्या पलीकडच्या टोकाला काय जोडले आहे, हे वीज देणाऱ्याला कसे कळावे? तेथे शिदोरीची वाट पाहणारा कॅमेरा असेल, किंवा जुना संगणक असेल. त्या संगणकाला आपली वीज आपल्याजवळ आहे. त्याला तारेतून फक्त निरोप हवा आहे. अशा यंत्राच्या मुखात अचानक ४८ व्होल्ट ओतले, तर त्याचे नाजूक भाग जळून जातील. जगात अशी जुनी यंत्रे कोट्यवधी होती. नवी सोय करताना त्यांना इजा होऊ नये, ही जबाबदारी कोणाची? अभियंत्यांनी ती देणाऱ्याची मानली.

सन २००३ मध्ये ‘आय ट्रिपल ई’ या अभियंत्यांच्या संस्थेने या पद्धतीचा पहिला नियम मंजूर केला. त्यातील मुख्य तत्त्व साध्या शब्दांत सांगायचे तर असे आहे: विचारल्याशिवाय देऊ नये. शिदोरी घेणाऱ्या प्रत्येक उपकरणाने आपल्या दाराशी २५,००० ओहमचा एक रोधक खूण म्हणून ठेवायचा. केबल जोडली की देणारे यंत्र प्रथम १० व्होल्टांच्या आसपासचा किंवा त्याहून कमी असा किरकोळ दाब दोनदा लावून पाहते आणि किती प्रवाह वाहिला ते मोजते. दोन मोजमापांवरून ते रोधाचे गणित करते. उत्तर २५,००० ओहमच्या जवळपास आले, तर ओळख पटली. ते कमी आले किंवा फारच जास्त आले, तर देणारे यंत्र हात आवरते आणि फक्त निरोप चालू ठेवते. जुन्या संगणकाजवळ ही खूण नसते. त्याला विजेचा उपद्रव होत नाही. असा काही प्रश्न विचारला गेला, याचा त्याला पत्ताही लागत नाही.

ओळख पटली तरी देणारे यंत्र लगेच सारे भांडार उघडत नाही. ते दाब थोडा वाढवून दुसरा प्रश्न विचारते: किती हवे? उपकरण ठरावीक प्रमाणात प्रवाह ओढून आपला वर्ग सांगते. २००३ च्या नियमाप्रमाणे एका वर्गासाठी ४ वॅट, दुसऱ्यासाठी ७ वॅट व तिसऱ्यासाठी १५.४ वॅट राखून ठेवतात. यामुळे एका यंत्राला अनेकांचे पोषण नीट वाटून करता येते. ज्याच्याजवळ ६० वॅटचे भांडार आहे, ते ७ वॅटच्या आठ उपकरणांना सहज सांभाळील, पण १५.४ वॅटची तीनच सांभाळील, चौथ्याला ते विनयाने नकार देईल.

याही हिशेबात एक दूरदृष्टी आहे. देणाऱ्याने १५.४ वॅट सोडायचे, पण घेणाऱ्याने १२.९५ वॅटहून अधिक घ्यायचे नाहीत, असा नियम आहे. मधले २.४५ वॅट कोठे गेले? नियम करणाऱ्यांनी सर्वांत वाईट प्रसंग गृहीत धरला. देणाऱ्याचा दाब उतरून ४४ व्होल्ट झाला आहे, केबल जुनी आहे, तिचा रोध २० ओहम आहे, आणि प्रवाह ०.३५ अँपिअर आहे. ४४ गुणिले ०.३५ म्हणजे १५.४. वाटेत २० गुणिले ०.३५, म्हणजे ७ व्होल्ट खर्च झाले, उरले ३७. आणि ३७ गुणिले ०.३५ म्हणजे बरोबर १२.९५. कोणतीही तार कितीही सामान्य असो, ठरलेले माप पलीकडे पोचलेच पाहिजे. म्हणून वाटखर्च आधीच वजा करून वचन दिलेले आहे.

इतके झाल्यावर मगच पूर्ण दाब तारेवर चढतो. त्यानंतरही देणाऱ्याचे लक्ष असते. कोणी केबल उपटून काढली, तर प्रवाह थांबल्याचे त्याला कळते आणि अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात ते वीज बंद करते. याचे कारण उघड आहे. तीच केबल पुढच्या क्षणी दुसऱ्या एखाद्या यंत्रात खोचली जाईल. तेव्हा पहिल्या पाहुण्याची शिदोरी दुसऱ्याच्या गळ्यात पडता कामा नये. नव्या यंत्रासाठी ओळखीचा सारा प्रकार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

ही पद्धत घरात आणायची तर कशी मांडणी करतात? बाहेरचा काचेचा तंतू जेथे संपतो, त्याच्या जवळ एका फळीवर सारी मुख्य यंत्रे ठेवतात. त्यांत एक स्विच असतो. स्विच म्हणजे अनेक केबल एकत्र येतात ते निरोपाचे नाके. तो पीओई जातीचा असला, म्हणजे निरोपाबरोबर शिदोरीही वाटतो. स्विच साधा असेल, तर केबलच्या वाटेत ‘इंजेक्टर’ नावाची लहान पेटी बसवून तिच्यातून वीज सोडता येते. तेथून केबल निघतात: एक माडीवरील वायफायच्या उपकरणाकडे, एक दारावरील कॅमेऱ्याकडे, एक अभ्यासाच्या टेबलावरील दूरध्वनीकडे. ज्या उपकरणाला या पद्धतीची ओळख नाही, त्याच्यासाठी पलीकडच्या टोकाला ‘स्प्लिटर’ लावतात. तो निरोप व शिदोरी वेगळी करून ४८ व्होल्टांचे १२ व्होल्ट करून देतो. छतावर, जिन्यात, फाटकाशी अशा अडचणीच्या जागी विजेची स्वतंत्र जोडणी करण्याचे काम वाचते.

परंतु खरा लाभ दिसतो तो वीज जाते तेव्हा. सारी शिदोरी आता एकाच फळीवरून निघते. म्हणून बॅटरी ठेवायची ती तेथे एकच. समजा, त्या फळीवरील यंत्रे व केबलवर जगणारी उपकरणे मिळून २५ वॅट शक्ती घेतात. १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी ८४ वॅट-तास इतकी ऊर्जा साठवते. ८४ भागिले २५ म्हणजे सव्वातीन तासांहून थोडे अधिक. वाटेतील नुकसान वजा केले, तरी नव्या व नीट भरलेल्या बॅटरीवर दोन-अडीच तास निघावेत. तेवढ्या वेळात एखादी परीक्षा सुरू होऊन संपते. अर्थात बाहेर निरोप पाठवणाऱ्या केंद्रातही बॅटरी जागी असली पाहिजे. घरात कितीही तयारी असली आणि वाटेतले नाकेच झोपले, तर निरोप यायचा कोठून? साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते.

या पद्धतीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. ईथरनेटची तांब्याची केबल एका दमात १०० मीटरपर्यंतच न्यावी, असा नियम आहे. शक्तीचे मापही बेताचे आहे. सन २००९ च्या नियमाने ते देणाऱ्याच्या टोकाशी ३० वॅटपर्यंत गेले आणि सन २०१८ च्या नियमाने चारही जोड्या कामास लावून ९० वॅटपर्यंत पोचले. एवढ्यात कॅमेरे, दिवे, लहान पडदे चालतील. इस्त्री किंवा पाणी तापवण्याचे यंत्र चालणार नाही. पुष्कळ केबलची जाड मोळी बांधली आणि सर्वांतून अधिक शक्ती सोडली, तर आतल्या तारा तापतात. उघड्यावर नेलेल्या केबलला विजांच्या कडकडाटाचे भय असते. तेथे योग्य संरक्षण लावावे लागते. बाजारात काही स्वस्त इंजेक्टर असेही मिळतात, जे काहीही न विचारता सरळ वीज ओतत राहतात. ते ठरावीक उपकरणासाठीच असतात; भलत्याच यंत्राला लावले, तर त्याचा घात करतात. म्हणून असे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. आणि भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेशी तर मुलांनी मुळीच खेळू नये. ती न विचारता धक्का देते.

वस्तुतः तांब्याची तार तीच आहे. बेलच्या वेळचा पीळ तोच, केंद्रातील बॅटरीचा ४८ हा आकडाही तोच. गोंगाट ऐकू येऊ नये म्हणून जी युक्ती योजली होती, तीच पुढे शिदोरीची वाट ठरली. नवीन आहे ते देण्याचे शहाणपण. समोर कोण आहे ते ओळखावे, त्याला किती हवे ते विचारावे, वाटखर्च धरून तेवढे पोचते करावे, आणि तो निघून गेला की हात आखडावा. पुन्हा कधी एखाद्या सकाळी दिवे जातील, पंखे थांबतील. ज्या घरात फळीवरची ती एक बॅटरी भरलेली असेल आणि एका बारीक तारेतून निरोपाबरोबर शिदोरीही जात असेल, त्या घरातील पेटीचे हिरवे ठिपके मात्र लुकलुकत राहतील.